ठरलेला भाव दारात येऊन पाडणाऱ्यांचं काय करायचं?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बदलीमुळे महिनाअखेर पिंपरीतलं घर रिकामं करायचंय. फ्रीज, फ्रंट लोड वॉशिंग मशीन, मुलाची सायकल, स्टडी टेबल आणि स्कूटर विकायला ऑनलाइन टाकलंय. लोक निम्म्या किमतीला मागतात, 'संध्याकाळी येतो' म्हणतात आणि फिरकत नाहीत. एकाने तर 9,000 ला ठरलेलं मशीन टेम्पो दारात उभा करून 6,500 ला मागितलं. तुम्ही नाही म्हणालात, तो बडबड करत निघून गेला. आता घरचे म्हणतायत, देऊन टाकायचं होतंस. तुमचं चुकलं का?

अजिबात चुकलं नाही. घर सोडून जाणाऱ्या कुटुंबांचं सामान विकून द्यायचं काम मी गेली अनेक वर्षं पुण्यात करतो. त्या अनुभवावरून सांगतो, त्या माणसाला तुम्ही जे उत्तर दिलंत तेच बरोबर होतं.

आधी एक गोष्ट वेगळी करून घेऊ. भाव करणं म्हणजे आगाऊपणा नव्हे. जुन्या वस्तूला छापील किंमत नसते, त्यामुळे 9,000 च्या वस्तूला 7,000 ला मागणारा माणूस आपलं काम करतोय, तुम्ही तुमचं करा. त्याच्यावर रागावण्यात शक्ती घालवू नका. आगाऊपणा सुरू होतो तो शब्द ठरल्यानंतर. भाव ठरला, वेळ ठरली, आणि मग कुणी ते परत उकरून काढलं, की तिथे ठाम व्हायचं. ठरण्याआधी कितीही बोला, ठरल्यावर एक शब्द नाही. ही रेघ तुमच्या मनात स्पष्ट असली की निम्मे वाद होतच नाहीत.

आता 'लास्ट किती?' वाल्यांकडे येऊ. तुम्ही लिहिलंय की असे मेसेज दिवसभर येतात आणि उत्तर दिलं की पुढे काहीच येत नाही. यातले बरेचसे मेसेज व्यापाऱ्यांचे असतात. जुन्या सामानाची दुकानं चालवणारे लोक एकाच वेळी अनेक जाहिरातींना तेच दोन शब्द पाठवतात आणि जो विकणारा घाईत दिसेल त्याच्याकडे जातात. 'बहिणीसाठी पाहिजे', 'गावाकडे आईला द्यायचंय' असंही सांगतात. व्यापारी वाईट असतो असं माझं मुळीच म्हणणं नाही. तो रोख देतो, स्वतःचे हमाल आणतो, एका फेरीत तीन वस्तू उचलतो, आणि तुमच्याकडे चारच दिवस उरले असतील तर त्याच्यासारखं गिऱ्हाईक नाही. पण त्याला दुरुस्ती, भाडं, जागा आणि नफा हे सगळं काढायचं असतं, म्हणून त्याचा भाव घरगुती गिऱ्हाइकापेक्षा कमीच असणार. त्याच्या आकड्यावरून आपल्या वस्तूची किंमत ठरवू नका.

'लास्ट किती'ला आकडा लिहून उत्तर द्यायचंच नाही. तुम्ही 8,500 लिहिलं की ती तुमची नवी सुरुवात होते, आणि प्रत्यक्ष आल्यावर तो तिथून खाली उतरतो. मी हे लिहितो: 'किंमत 9,000. वस्तू चालू करून दाखवतो. बघून घ्या, आवडली तर समोरासमोर थोडंफार बोलू. कधी येताय?' ज्याला खरंच हवंय तो वार आणि वेळ सांगतो. बाकीचे गप्प होतात आणि तुमचा वेळ वाचतो.

'4,000 मध्ये देता का, आत्ता घेऊन जातो' याला 'जमणार नाही, धन्यवाद' एवढं पुरे. 'तुम्हाला लाज वाटते का' वगैरे लिहू नका. एक तर त्याचा उपयोग नसतो. दुसरं म्हणजे तोच माणूस दोन दिवसांनी 8,000 घेऊन येतो, हे मी पुष्कळदा पाहिलंय. पहिला आकडा फक्त चाचपणीचा होता. शिवीगाळ करणाऱ्याला मात्र लगेच ब्लॉक करा, त्यात विचार करण्यासारखं काही नाही.

सूट द्यायची तर त्या बदल्यात काहीतरी मागा. 'आज संध्याकाळी नेणार असाल तर 500 कमी.' 'टेबल आणि सायकल दोन्ही घेतलंत तर 700 कमी.' 'हमाल तुमचे, तिसऱ्या मजल्यावरून तुम्ही उतरवणार, तर 300 कमी.' नुसतंच मागितलं म्हणून कमी केलं की समोरच्याला वाटतं अजून जागा आहे. काहीतरी घेऊन कमी केलं की तो व्यवहार होतो आणि तिथेच थांबतो.

तुमच्या जाहिरातीत दोन गोष्टी बदला. 'अर्जंट' आणि 'शहर सोडून जातोय' हे शब्द काढा. घाई कळली की भाव पडतो. शिवाय अमुक तारखेनंतर घर रिकामं आहे किंवा तुम्ही आवराआवरीत एकट्या आहात, हे अनोळखी लोकांना कळण्याचं कारण नाही. विचारलंच तर 'नवीन घेतलंय' हे पुरेसं आहे. दुसरं, दोष आधी लिहा. मशीनचा रबरी गॅस्केट काळा पडलाय, फ्रीजच्या दाराचा एक कप्पा तुटलाय, जे असेल ते लिहा आणि त्याचा फोटोही टाका. दारात येऊन 'अरे, हे तर तुटलंय, 2,000 कमी करा' म्हणणाऱ्याच्या हातातलं हत्यार तुम्ही आधीच काढून घेता. किंमत ठरवताना तुमचं जुनं बिल बघू नका. तसंच मॉडेल आज नवीन कितीला मिळतं ते बघा, आणि तेही सणासुदीच्या सवलतीत. गिऱ्हाईक त्या आकड्याशी तुलना करतं, तुम्ही चार वर्षांपूर्वी काय मोजलेत त्याच्याशी नाही.

येतो म्हणून न येणाऱ्यांचा राग मला समजतो. तुम्ही सुट्टी घेऊन घरी बसता, दुसऱ्याला 'विकलं गेलं' सांगता, आणि हा फोनही उचलत नाही. माझा नियम असा आहे की टोकन आल्याशिवाय वस्तू कुणासाठीही अडकवून ठेवायची नाही, आणि हे प्रत्येकाला आधीच सांगायचं. 'तुमच्या आधी कुणी येऊन पैसे देऊन नेलं तर मी थांबणार नाही. ठेवायचं असेल तर 500 रुपये टोकन, रविवार दुपारपर्यंत.' हा मेसेज लिहूनच पाठवा, फोनवर बोलू नका. टोकनच्या नावाखाली गिऱ्हाइकांनाही भरपूर फसवलं गेलंय, त्यामुळे न बघता टोकन द्यायला कुणी कचरलं तर त्याला आगाऊ समजू नका. त्याला सांगा, आधी या, बघा, मग टोकन द्या. गिऱ्हाईक निघण्याआधी तासभर 'निघालात की कळवा' असा मेसेज टाका. उत्तर नाही आलं तर तुम्ही तुमच्या कामाला मोकळ्या. आणि टोकन घेतलंत की मग कुणी 1,000 जास्त देतो म्हणाला तरी त्याला नाही म्हणायचं. ठरलेल्या शब्दाचा आग्रह आपण धरतो, तर तो आपल्यालाही लागू आहे.

आता तो टेम्पोवाला. हा प्रकार इतका नेहमीचा आहे की त्याची रीत सांगतो. माणूस फोनवर जास्त घासाघीस न करता तुमच्या जवळपासच्या आकड्याला हो म्हणतो. तुम्ही खूश होता, बाकीच्यांना 'विकलं गेलं' असं कळवता. मशीनचे पाइप काढले जातात, ते बाल्कनीतून हॉलमध्ये येतं. मनाने तुम्ही ते विकलेलं असतं, त्या जागेवर काय ठेवायचं तेही ठरलेलं असतं. अशा वेळी तो छोटा हत्ती आणि दोन हमाल घेऊन येतो, मशीनभोवती एक चक्कर मारतो, मान हलवतो आणि 6,500 म्हणतो. त्याचा सगळा भरवसा तुमच्या त्या 'आता झालंच आहे' या भावनेवर असतो.

पण जरा त्याच्या बाजूने हिशेब करा. टेम्पोचं भाडं त्याने दिलंय. हमालांची मजुरी त्याला द्यायचीच आहे, मशीन नेलं तरी आणि नाही नेलं तरी. रिकामा टेम्पो परत गेला तर नुकसान त्याचं आहे, तुमचं फार तर अर्ध्या तासाचं. त्या क्षणी तुमच्यापेक्षा तो जास्त अडकलेला असतो, आणि ते त्याला माहीत असतं. म्हणून आवाज न चढवता म्हणायचं, 'दादा, आपलं 9,000 ठरलंय, मेसेज आहे. नको असेल तर हरकत नाही, मी दुसऱ्यांना कळवते.' आणि मग खरंच गप्प बसायचं. स्पष्टीकरण देऊ नका, मशीन किती चांगलं आहे ते सांगू नका, 'बरं 8,500 करा' तर मुळीच म्हणू नका. बरेच जण जिना उतरून जातात आणि पाच-दहा मिनिटांनी फोन करतात. काही खरंच जातात. जाऊ द्या. या एका कारणासाठी मी नेहमी सांगतो की पैसे हातात येईपर्यंत मशीनचे पाइप काढायचे नाहीत, फ्रीज रिकामा करायचा नाही आणि जाहिरातही उतरवायची नाही. वस्तू जागेवर आणि चालू असली की तुमचाही पाय घट्ट राहतो.

याला एक अपवाद आहे आणि तो मी मनापासून पाळतो. गिऱ्हाइकाने असा दोष दाखवला जो खरंच आहे आणि तुम्ही सांगितला नव्हता, समजा स्पिन करताना ड्रम घरघरतोय, तर भाव पुन्हा बोलायला त्याला पूर्ण हक्क आहे. तिथे 'ठरलंय' म्हणून अडून बसू नका. दुरुस्तीवाल्याला फोन लावा, अंदाज घ्या, तेवढे कमी करा. फरक ओळखणं सोपं आहे. खरा दोष दाखवणारा बोट ठेवून दाखवतो. भाव पाडणारा 'तसं जुनंच वाटतंय' म्हणतो. दुसरा एक हुकमी प्रकार म्हणजे 'माझ्याकडे साडेसात हजारच आहेत'. त्याला शांतपणे सांगा, 'बाकीचे घेऊन या, तोवर मशीन इथेच आहे.' एटीएम लांब नसतं.

पैसे घेण्याचा भाग मात्र नीट वाचा. इथे आगाऊपणा संपतो आणि लूट सुरू होते. यूपीआयवर पैसे मिळवण्यासाठी पिन कधीही टाकावा लागत नाही. पिन लागतो तो फक्त पैसे पाठवायला आणि शिल्लक बघायला. 'मी क्यूआर पाठवतो, तुम्ही स्कॅन करा, पैसे येतील' असं कुणी म्हणालं की बोलणं तिथेच थांबवा. लष्करात आहे, बदली झालीये, सामान न्यायला माणूस येईल, असं सांगून गणवेशातला फोटो आणि ओळखपत्र पाठवणारे हेच लोक असतात. खरा जवान तुमचं वॉशिंग मशीन न बघता, भाव न करता घेत नाही. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे यूपीआयवर पैशांची मागणी पाठवण्याची सोय 1 ऑक्टोबर 2025 पासून बंद झाली, त्यामुळे त्या वाटेने होणारी फसवणूक आटली. क्यूआरची वाट अजून उघडी आहे.

समोर उभा राहून पैसे पाठवणाऱ्याच्या फोनवरची हिरवी खूण बघून वस्तू सोडू नका. तशी खूण दाखवणारी बनावट अॅप आहेत. आलेला एसएमएसही पुरावा नाही, तो कुठल्याही नंबरवरून पाठवता येतो. आपलं बँकेचं अॅप उघडा, शिल्लक वाढलेली बघा, मगच मशीनला हात लावू द्या. गिऱ्हाइकाला घाई असेल तर असू दे. 'चुकून 9,000 ऐवजी 19,000 गेले, 10,000 परत करा' असा फोन आला तर आधी खात्यात खरंच काय आलंय ते बघा. बहुतेक वेळा काहीच आलेलं नसतं. आणि जास्तीचे पैसे खरंच आले असतील तर स्वतः परत पाठवू नका, आपल्या बँकेला कळवा आणि त्यांच्यामार्फत होऊ द्या.

अजून दोन प्रकार आहेत, ज्यांबद्दल फार कमी बोललं जातं. 'माझा मित्र पाठवतोय' म्हणत तिसऱ्याच कुणाच्या खात्यातून पैसे आले, आणि ते पैसे मुळात फसवणुकीचे निघाले, तर तपासात तुमच्या खात्यातली रक्कम गोठवली जाऊ शकते. मग तुमची वस्तूही गेली आणि पैसेही अडकले. म्हणून जो वस्तू नेतोय त्याच्याच खात्यातून पैसे घ्या, नाव जुळतंय का बघा, नाहीतर रोख घ्या. जाहिरात, मेसेज आणि पैसे आल्याची नोंद यांचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. दुसरा प्रकार जास्त कावेबाज आहे. एक माणूस तुमची जाहिरात उचलून तीच वस्तू कमी किमतीत स्वतःच्या नावाने टाकतो. खऱ्या गिऱ्हाइकाला तुमच्या घरी पाठवतो आणि त्याला सांगतो, 'तिथे माझी वहिनी आहे, तिच्याशी पैशाचं बोलू नका.' तुम्हाला सांगतो, 'माझा माणूस येतोय, त्याच्यापुढे भाव काढू नका, पैसे मी पाठवतो.' गिऱ्हाईक वस्तू बघतं, पैसे त्या तिसऱ्याला पाठवतं, आणि तुम्ही दोघं दारात भांडत बसता. स्कूटर आणि कारच्या बाबतीत हे जास्त होतं. उपाय एकच आहे. दारात आलेल्या माणसाला पहिल्यांदा विचारा, 'तुम्हाला किंमत किती सांगितली आहे? पैसे कुणाला देणार आहात?' भावाबद्दल बोलू नका असं जो सांगेल त्याच्याशी व्यवहारच करू नका. काही विपरीत घडलंच तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे वाटेत अडवले जाण्याची शक्यता जास्त.

स्कूटरला मशीनचे नियम लावू नका. तिथे सगळ्यात महाग पडणारं वाक्य म्हणजे 'ताई, तुम्ही सही करून ठेवा, मी नंतर नावावर करून घेतो.' तो करत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 प्रमाणे, त्याच राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत. फॉर्म 29 आणि 30 त्यासाठीच आहेत. 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक. गाडी तुम्ही विकली असली आणि नोंद बदलली नसली, तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते. म्हणून परिवहन पोर्टलवर अर्ज भरून पावती हातात येईपर्यंत मूळ आरसी देऊ नका. वाटल्यास थोडी रक्कम बाकी ठेवा आणि नाव बदलल्यावर घ्या. गिऱ्हाइकालाही ते पटतं. कर्ज फिटलं असेल तर आरसीवरचा बँकेचा बोजा उतरवून घ्या, जुनी ई-चलानं भरून टाका. चक्कर मारायला देताना त्याचं मूळ लायसन्स आणि तो ज्या गाडीवर आला तिची किल्ली तुमच्याकडे राहू द्या. यावर कुणी नाराज झाला तर होऊ दे.

विक्रीनंतरचे फोनही येतील. 'मशीन थरथरतंय, पैसे परत करा.' फ्रंट लोड मशीन नेताना ड्रम अडकवणारे ट्रान्झिट बोल्ट लावावे लागतात आणि बसवताना काढावे लागतात. न लावता आडवंतिडवं नेलं की ड्रमचं नुकसान होतं, आणि न काढता चालू केलं तर मशीन घरभर नाचतं. तुमच्याकडे ते बोल्ट असतील तर शोधून ठेवा, नसतील तर तसं सांगा. वस्तू देण्याआधी ती चालू असल्याचा छोटा व्हिडिओ गिऱ्हाइकासमोरच काढा, आणि साध्या कागदावर दोघांच्या सह्या घ्या: 'चालू स्थितीत, जसं आहे तसं, पाहून घेतलं, रक्कम 9,000, तारीख.' मग फोन आला तर माणुसकीने काय करायचं ते सांगा, दुरुस्तीवाल्याचा नंबर द्या, पण पैसे परत करायचं बोलणं काढू नका. ओळखीसाठी आधारचा फोटो मात्र कुणाला देऊ नका, त्या कागदावर नाव आणि सही पुरे. जुनं बिल देताना त्यावरचा तुमचा फोन नंबर आणि पत्ता झाका.

वस्तू दाखवताना घरी दुसरं कुणी असू द्या. सायकल आणि टेबल तर सोसायटीच्या फाटकापाशी, सुरक्षारक्षकासमोर दाखवता येतं. आणि मोठं सामान बाहेर काढायला तुमच्या सोसायटीत गेटपास लागत असेल तर तो गिऱ्हाईक येण्याच्या आदल्या दिवशीच करून घ्या. टेम्पो फाटकावर तासभर अडकला की ठरलेला भाव पाडायला त्याला नवीन कारण मिळतं.

तुमच्यापाशी अजून अडीच आठवडे आहेत. सायकल आणि टेबल आधी जाऊ द्या. मेच्या शेवटी आणि जूनमध्ये कॉलेजची मुलं खोल्या घेतात तेव्हा स्टडी टेबलाला भाव करणारे कमी आणि घेणारे जास्त असतात. त्यातल्या एखाद्या मुलाकडे खरंच 200 रुपये कमी असतील तर कमी करा, तो आगाऊपणा नाही. मशीनसाठी ज्यांनी 8,000 च्या आसपास विचारलं होतं त्या सगळ्यांना आजच परत एक मेसेज टाका. शेवटच्या चार दिवसांपर्यंत गेलं नाही, तर दोन-तीन जुन्या सामानाच्या दुकानदारांना एकाच दिवशी, वेगवेगळ्या वेळी बोलवा आणि ज्याचा रोख भाव जास्त त्याला द्या. फ्रीज सर्वात शेवटी काढा. पैसे हातात आले की नेण्याच्या आदल्या रात्री बंद करून बर्फ वितळू द्या, आतून पुसा, आणि नेणाऱ्याला सांगा की उभाच न्यायचा, आडवा करावा लागलाच तर घरी पोचल्यावर काही तास उभा ठेवून मग चालू करायचा.